वाचक विचारतात: सकाळी जुळणारी भोकं दुपारी का सरकतात?

प्रश्न: मी प्रतापनगरात राहतो, गॅरेजमधे किट आणून दोन सीटच्या मेटल विमानाचा पंख जोडतोय. स्पार (पंखाची मुख्य लांब तुळई) अन् रिब (आडव्या फासळ्या) जोडून सांगाडा तयार आहे, आता वरचा पत्रा चढवतोय, साधारण २ मीटर लांब. सकाळी ७ ला सगळी भोकं जुळतात, क्लेको (पत्रा तात्पुरता धरणाऱ्या पिना) पटापट बसतात, अन् दुपारी तोच पत्रा लावला की टोकाकडची भोकं अर्धा मिलिमीटर सरकलेली. मित्र म्हणतो ड्रिल फिरवून भोक थोडं मोठं कर. करू का?

उत्तर: नका करू भाऊ, अजिबात नका करू. ड्रिल फिरवलं की भोक लांबट होतं, मग रिव्हेट कितीही ठोकलं तरी ते भोक पूर्ण भरत नाही, अन् पंखाचा सगळा जोर पत्र्यातून स्पारमधे जातो तो त्या भोकांमधूनच जातो.

आधी सांगा, पत्रा दुपारी कुठे ठेवता? मला वाटतं शटरला टेकवून, पश्चिमेच्या उन्हात. ॲल्युमिनियम दर मीटरला दर डिग्रीमागे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. पत्रा सांगाड्यापेक्षा १० डिग्री जास्त तापला तर २ मीटरवर जवळपास अर्धा मिलिमीटर झालाच, तुम्ही म्हणता तेवढाच, अन् ३/३२ इंची रिव्हेटचं भोक आहे किती, २.५ मिलिमीटर. किट बरोबर आहे, तुमचा हातही बरोबर आहे, एप्रिल-मे मधलं आपलं ऊन आडवं येतंय.

उपाय सोपा आहे. पत्रा आदल्या रात्रीच सांगाड्याशेजारी ठेवा म्हणजे दोघं सारखे गार होतील, पहाटे ५ ला सुरू करा, ९ ला हात थांबवा. उलटी चूकही लोक करतात, पत्रा एसीच्या खोलीत जपून ठेवतात अन् टिनाच्या छताखाली तापलेल्या सांगाड्यावर आणून रिव्हेट करतात. मी स्वतः एक एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) असा केला होता, संध्याकाळी सांगाडा आकसला अन् पत्रा मधोमध ढिला पडला, अंगठ्याने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक्क वाजायचा. सगळी रिव्हेट काढून नवीन पत्रा लावावा लागला, तो आवाज अजून कानात आहे.

अन् हो, रिव्हेट करण्याआधी ओळंबा लावा. स्पारच्या दोन्ही टोकांना तो खाली सोडून दोरीपासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, पंखाच्या बुडाशी अन् टोकाशी किटच्या मॅन्युअलप्रमाणे आलं पाहिजे. पत्रा एकदा पक्का झाला की पंखातला पीळ कायमचा, मग विमान आयुष्यभर एका बाजूला झुकतं.

प्रश्न: रिव्हेट बरोबर बसलं हे ओळखायचं कसं?

उत्तर: मागचं डोकं, म्हणजे ठोकून चपटं झालेलं टोक बघा. रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, उंची निम्मी. १/८ इंची म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला साधारण ४.८ रुंद अन् १.६ उंच. एक पत्र्याचा गेज कापून खिशात ठेवा, प्रत्येकाला लावून बघा. बकिंग बार (ठोकताना मागून धरायचा लोखंडी ठोकळा) तिरका धरला की डोकं एका बाजूला कलतं. असं रिव्हेट काढायचं असेल तर कारखान्यातून तयार आलेल्या पुढच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर ड्रिल लावा, डोकं पंचने उडवा, दांडा मागून आधार देऊन हळू बाहेर ढकला. तरी भोक बिघडायची भीती वाटते तर थोडं कललेलं रिव्हेट आहे तसं ठेवायचं का हे किटवाल्याला विचारा, घाईत काढू नका.

प्रश्न: परवानगी विमान बांधून झाल्यावर घेतली तर चालते का?

उत्तर: नाही, आधीच डीजीसीएशी (केंद्राचं विमान वाहतूक नियामक खातं) लेखी बोला. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादवांनी सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ ला मुंबईच्या मेक इन इंडियात लोकांनी पाहिलं, रजिस्ट्रेशन मात्र २०१७ ला मिळालं. तुमची परवानगी येईपर्यंत रोजचे फोटो तारखेसकट जपा. पंखाचा शेवटचा पत्रा लावायच्या आधी टॉर्च मारून आतला प्रत्येक जोड टिपा, कारण बंद झाल्यावर रिव्हेटचं मागचं डोकं कोणत्याही इन्स्पेक्टरला दिसत नाही.