सांगलीत हॉल भाड्याने घेऊन मेंबरांसाठी रमी सुरू केली तर चालेल का? आणि तीन पत्ती?

रमी चालेल, पण टेबलावरून काही कमाई करायची नाही. तीन पत्ती पैशांवर अजिबात नको.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या कलम १३ ने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळलंय. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यत्वे कौशल्याची ठरवली, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. समोरच्याने बदाम सात उचलला, तर बदाम सहा किंवा आठ सहजासहजी टाकायचा नाही, हेच ते कौशल्य. त्याच निकालात तीन पानांच्या फ्लशला, म्हणजे तीन पत्तीला, निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलंय. तीन पत्ती म्हणजे इंग्रजांच्या ब्रॅग या पत्त्यांच्या खेळाचंच आपलं रूप. त्यात २२,१०० पैकी फक्त ५२ वेळा ट्रेल (एकाच किमतीची तीन पानं) येतो, म्हणजे ४२५ डावांत एकदा. तिथे अक्कल पानांवर चालत नाही.

बहुतेक जण फसतात ते कटमध्ये. प्रत्येक डावामागे हॉलवाल्याने पैसे काढले की तो जुगारअड्डा ठरू शकतो, मग खेळ रमीचा का असेना. चालवणाऱ्यावर कलम ४, बसलेल्यांवर कलम ५. ठरलेली मासिक वर्गणी आणि पत्त्यांचा वाजवी खर्च, एवढंच घ्या. रजिस्टर रोज भरा.

गोव्यात कॅसिनो आहेत ते तिथल्या कायद्यामुळे. आपल्याकडचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही, २०२३ मध्ये तो रद्दही झाला. ऑनलाइन पैशांची रमी २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केली आहे, तिथे कौशल्याचा मुद्दाही चालत नाही.