समुद्रातल्या पवनचक्क्या आणि खानापूरची लेक

नमस्कार,

लेक खानापूरहून ये-जा करून बेळगावात इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या फॉल्ट प्रोटेक्शनमध्येच (शॉर्टसर्किटसारखा बिघाड झाला की तेवढा भाग लगेच तोडून बाकीची यंत्रणा वाचवणं) काम करायचं म्हणते, आणि उभी हयात लाइनमन म्हणून काढलेल्या तुम्हाला हे खूळ वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मला ते खूळ वाटत नाही. तिने अवघड प्रश्न निवडलाय, आणि तो तुमच्याच धंद्यातला आहे.

तुमच्या लाइनवर फॉल्ट झाला की करंट कैक पटींनी वाढतो. फ्यूज उडतो तो त्यामुळेच. समुद्रातल्या नव्या पवनचक्क्या मात्र कन्व्हर्टरमधून, म्हणजे विजेचं रूप बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातून, वीज देतात. फॉल्ट झाला की कन्व्हर्टर आधी स्वतःला जपतो आणि नेहमीच्या जेमतेम १.१ ते १.२ पट करंट सोडतो. रिले म्हणजे करंटवर नजर ठेवून ब्रेकरला उघडायला सांगणारं उपकरण. पवनचक्क्यांच्या बाजूने पाहणाऱ्या, नुसता वाढलेला करंट ओळखणाऱ्या साध्या ओव्हरकरंट रिलेला हा फॉल्ट की फुल लोड, तेच कळत नाही. म्हणून किनाऱ्याकडे येणाऱ्या केबलच्या दोन्ही टोकांना डिफरन्शियल रिले बसवतात. आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट जुळला नाही, की दोन्हीकडचे ब्रेकर उघडतात. शिवाय फांदी घासून ट्रिप झालेली लाइन तुम्ही पुन्हा चार्ज करता, ती मुभा तिथे नाही. समुद्रतळाच्या केबलचा फॉल्ट कायमचाच धरायचा; दुरुस्तीला खास जहाज लागतं.

उलट, नको तेव्हा ट्रिप होणंही तितकंच महागात पडतं. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये लाइनवर वीज कोसळली. लाइनचा फॉल्ट लगेच दूर झाला, पण समुद्रातल्या हॉर्नसी पवनप्रकल्पाची ७३७ मेगावॉट वीज एका झटक्यात गेली, सोबत एक गॅस प्रकल्पही पडला, आणि दहा लाखांवर ग्राहक अंधारात गेले.

आता तिने काय करावं? 'पवनऊर्जा' नावाच्या छोट्या कोर्सवर पैसे घालू नका. डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन बीईच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊ द्या. व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची) कॉलेजं बेळगावातच आहेत. तिथे स्विचगिअर-प्रोटेक्शन आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे दोन विषय मुरवून घ्यावेत. पहिली नोकरी जमिनीवरच्या सबस्टेशनात, रिले टेस्टिंगची मिळाली तर उत्तमच. समुद्राची भीती बाळगू नका: रिलेची सेटिंग काढणं, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करणं हे बरंचसं काम ऑफिसात बसूनच होतं. मराठी माध्यमाची काळजी तुम्ही लिहिलीय. रिलेचं मॅन्युअल रोज दोन पानं वाचायला लावा, त्यातलं इंग्रजी ठरावीकच असतं.

आणि सुट्टीत, वरिष्ठांची परवानगी काढून, तिला तुमच्या सबस्टेशनातलं रिले पॅनेल दाखवा. ट्रिपिंगची नोंदवही तिच्याकडून वाचून घ्या.