फिजिओथेरपीची इंटर्नशिप संपत आली का, मग हे वाच

हे बघ, मशीनची भीती सोड. आयएफटी (दुखण्यावर हलका करंट देणारं मशीन), अल्ट्रासाऊंड (सोनोग्राफी नाही, ध्वनिलहरींनी उपचार करणारं) लवकर हाताला बसतं, फक्त पेसमेकर आहे का ते आधी विचारायचं अन् अल्ट्रासाऊंडचं हेड एका जागी धरून ठेवायचं नाही. खरं काम पेशंटला उभं करायचं. लकवा झालेला माणूस पहिल्यांदा उठवताना झोपलेला असतानाच बीपी घे, मग बसव, उभा केल्यावर ३ मिनिटांच्या आत परत घे, वरचं २० नी किंवा खालचं १० नी उतरलं की लगेच बसव अन् सीनियरला सांग, उगं हिरोगिरी नको. अन् नातेवाईक लुळा हात ओढून उठवतात ना, तिथंच थांबव, खांदा निसटतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागायली तर मसाज अजिबात नाही, आधी डॉक्टर.

आपल्या बीडकडचा ऊसतोडीचा माणूस कंबर धरून येतो अन् विचारतो, "कारखाना चालू व्हायलाय, कधी जाऊ?" त्याला नुसतं "आराम करा" सांगून काय उपयोग, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते त्यानं. मोळी कशी उचलतो ते करून दाखवायला लाव, तिथून सुरुवात कर. व्यायाम दोन-तीनच दे, समोर करून घे, पोराला मोबाईलमध्ये व्हिडिओ काढू दे.

नोंदी मात्र रोजच्या रोज. "पेशंट बरा आहे" ही नोंद नाही गं. किती चालला, कुणाच्या आधारानं, दुखणं १० पैकी किती, हे लिही. अन् जॉइन होताना पगार, सुट्ट्या कागदावर घे, तोंडी नको.