स्पॉयलर म्हणजे 'इस्कोट' का?

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही पाच-सहा मित्र व्हिडिओ गेम खेळतो. रविवारी भेटलो की बोलणं गेमवरच. कुणी दुसऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या गेमचा शेवट बोलून गेला की आम्ही ओरडतो, 'इस्कोट केलास की रं!' पुण्याचा मावसभाऊ म्हणतो हा शब्द गावठी आहे, स्पॉयलरला 'रहस्यभेद' म्हणा. बरोबर कोण? आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेमचा शेवट सांगितला तर तो इस्कोट धरायचा का?"

पहिलं उत्तर लगेच देतो. इस्कोट म्हणा. मला तर हा शब्द आजवर सुचवल्या गेलेल्या सगळ्या पर्यायांपेक्षा नेमका वाटतो.

गावठी म्हणून तो टाकायचं काही कारण नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या 'वि'चा 'इ' होणं ही आपल्या बोलीची नेहमीची चाल आहे. विळ्याचा इळा, विंचवाचा इंचू, विस्तवाचा इस्तू, विठोबाचा इठोबा. तसा विस्कोटाचा इस्कोट. बोली इथे चुकत नाही, स्वतःचा नियम पाळते.

आता विस्कटतं काय काय ते बघा. कपड्याची घडी विस्कटते, भांग विस्कटतो, मांडलेला डाव विस्कटतो. प्रत्येक ठिकाणी आधी कुणीतरी काहीतरी नीट लावलेलं असतं. विस्कटल्यावर वस्तू कुठे जात नाही. साडी तीच राहते, केस तेवढेच राहतात, सोंगट्याही समोरच पडलेल्या असतात. मोडते ती मांडणी. गेमचा शेवट आधी कळला तर गेममधला एकही प्रसंग कमी होत नाही. कोणती गोष्ट खेळणाऱ्याला कधी कळावी, याचा जो क्रम लेखकाने लावला होता, तो उधळतो. म्हणून विस्कटणे या घरातला शब्द मला इथे चपखल वाटतो.

इंग्रजी शब्दात अन्न खराब होण्याचा अर्थ आहे, त्यावरून कुणी 'नासवणे' सुचवतं. पण मराठीत अन्न एकाच क्रियापदाने खराब होत नाही. दूध नासतं, आमटी विटते, पीठ आंबतं, खोबरं खवट होतं, फळ सडतं, भाकरी शिळी होते. नासलेल्या दुधाचं परत दूध होत नाही. इस्कोट झालेला गेम मात्र खेळता येतो, आवडतोही. नासवणे फार टोकाचं झालं. ('शिळं' हा शब्द लक्षात ठेवा, त्याचं काम पुढे आहे.)

इंग्रजी शब्दाचं मूळ मात्र स्वयंपाकघरात नाही, रणांगणावर आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ हरलेल्या शत्रूच्या अंगावरची शस्त्रं-चिलखतं काढून घेणं, लुटणं. गाडीच्या डिकीवर बसवतात तो पंखही स्पॉयलरच, कारण तो हवेचा नको असलेला प्रवाह मोडतो. कथेच्या संदर्भात हा शब्द १९७१ सालच्या एप्रिल महिन्यात 'नॅशनल लॅम्पून' या अमेरिकी विनोदी मासिकात मथळा म्हणून आला होता. डग केनी यांनी त्यात गाजलेल्या कथा-चित्रपटांचे शेवट सरळ सांगून टाकले होते. आणि गेम खेळणारे ज्याला रोज 'लूट' म्हणतात, तो शब्द आपल्याकडून इंग्रजीत जाऊन खेळांतून परत आलाय.

मावसभावाच्या 'रहस्यभेदा'बद्दल. शब्द वाईट नाही, पण त्याला रहस्य लागतं. गेममध्ये जपण्यासारखं सगळंच रहस्य नसतं. डोंगराच्या माथ्यावर पोचल्यावर अचानक खाली दिसणारं शहर, एखाद्या प्रसंगी सुरू होणारं गाणं, एखादा सोबती कथेत कधी येतो, यात भेदण्यासारखं काय आहे? तरीही ते आधी सांगितलं की विस्कटतं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. गौप्यस्फोट, बिंग फुटणे, भांडं फुटणे, पितळ उघडं पडणे, पोलखोल. या सगळ्या शब्दप्रयोगांत लपवणारा गुन्हेगार आहे आणि फोडणारा शहाणा. लपलेलं उघडं पाडणं हे आपल्या भाषेला सहसा चांगलं काम वाटतं, कारण आपण बहुतेक वेळा लबाडी लपलेली पाहिली. इथे उलट आहे. गेम लिहिणाऱ्याने जे लपवलं ते तुमच्यावरच्या मायेने लपवलं, वाढदिवसाची भेट कपाटात लपवावी तसं. म्हणून 'शेवटाचा गौप्यस्फोट' म्हटलं की बोलणाऱ्याला फुकटचा मान मिळतो. इस्कोट म्हटलं की दोष जिथल्या तिथे राहतो.

फोडणे हे क्रियापद मात्र आपल्याला हवंच आहे. "सस्पेन्स फोडू नको" असं आपण सर्रास म्हणतो. पण फुटणे आणि फोडणे यांत गल्लत नको. पेपर फुटतो, त्याला पेपरफुटी म्हणतात. गेमच्या बाबतीत लीक म्हणजे ही फुटी. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागातले प्रसंग तो १९ जून २०२० ला बाजारात येण्याआधीच, एप्रिलमध्ये, इंटरनेटवर पसरले होते. ती फुटी. त्यातलं वाचून कुणी मित्राला सांगितलं, तर ते फोडणं. अकर्मक क्रियापदाला कर्ता नको असतो, म्हणून ते पळवाटेला सोयीचं पडतं. "तोंडातनं निसटलं", "फुटलं रं" असं जो म्हणतो, त्याने व्याकरणाच्या आडोशाला उभं राहू नये. त्याने फोडलं.

आता रसभंग. हा शब्द काही जण स्पॉयलरला थेट पर्याय म्हणून वापरतात. माझ्या मते रसभंग हा परिणाम आहे आणि इस्कोट ही कृती. "त्याने इस्कोट केला, माझा रसभंग झाला" हे वाक्य बसतं. "त्याने मला रसभंग दिला" बसत नाही. पण या शब्दाला धरून आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वन्यालोक या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात जे सांगून ठेवलंय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला फार उपयोगी आहे. तो म्हणतो, अनौचित्याखेरीज रसभंगाचं दुसरं कारण नाही. तो कवीच्या रचनेबद्दल बोलत होता. मी ते रविवारच्या गप्पांना लावतोय, पण ओढूनताणून नव्हे. औचित्य म्हणजे काय कुठे शोभतं ते. बोलण्यात ते ठरतं समोर कोण बसलंय त्यावरून, आणि म्हणून गेम किती साली निघाला याला फारसं महत्त्व उरत नाही.

आपल्याकडे दोन शब्दांची नेहमी गल्लत होते, जुनं आणि शिळं. जुना तांदूळ जपून ठेवतात, शिळा भात कुणी जपत नाही. जुनं हे वस्तूचं वय असतं. शिळं होतं ते उघडून, हाताळून, ठेवून दिलेलं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात, त्या दुधाला आपण धारोष्ण म्हणतो. तो शब्द म्हशीचं वय सांगत नाही, धार कधी काढली ते सांगतो. 'फायनल फँटसी'चा सातवा भाग १९९७ चा. त्यातल्या एका प्रसंगाची चर्चा जगभर इतकी झाली की तो सगळ्यांना ठाऊक असणारच, असं धरून लोक बोलतात. पण त्याच कथेची नव्याने बांधलेली रूपं २०२० आणि २०२४ मध्ये आली, आणि ज्या मुलांचा १९९७ मध्ये जन्मही झाला नव्हता ती मुलं आज त्या कथेत पहिल्यांदा पाऊल टाकताहेत. त्यांच्यासाठी ती कथा धारोष्ण आहे. शिवाय आपल्या गावात किती जण गेम आला त्या दिवशी पूर्ण किमतीत घेतात? सेलची वाट बघायची, कुणाचा जुना कन्सोल मिळाला की घ्यायचा, भावाचा झाला की आपण खेळायचा. प्रत्येकाची प्रकाशनाची तारीख वेगळी असते.

हे मी पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. शाळकरी वयात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्हाला अर्धा तास 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळू द्यायचे. १९८९ चा खेळ, बारा पातळ्या, साठ मिनिटांची मुदत. त्यात एके ठिकाणी एक प्रसंग येतो. तो कसा आहे, हे आमच्यातल्या एका मोठ्या मुलाने मी तिथे पोचायच्या कितीतरी आधी सगळ्यांसमोर साभिनय करून दाखवला. पुढे मी त्या पातळीवर स्वतः पोचलो तेव्हा मला आठवला तो त्या मुलाचा चेहरा. तो पहिला क्षण मला मिळालाच नाही. आणि तो प्रसंग काय होता हे आज इतक्या वर्षांनीही मी इथे लिहिणार नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी एखाद्याची मुलगी तो खेळ पुढच्या सुट्टीत खेळेल.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो कोल्हापुरात तर हमखास येतो. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या त्या १६६० च्या रात्रीचं काय झालं, हे पोवाडा ऐकायला बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. तरी डोळ्यांना पाणी येतं. मग शेवट कळण्याने काय बिघडतं? २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या लेव्हिट आणि क्रिस्टेनफेल्ड या संशोधकांनी बारा लघुकथा घेऊन प्रयोगही केला होता. ज्यांना शेवट आधी सांगितला, त्यांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या.

मला हे दोन्ही मान्य आहे. गेममध्येही त्याचं उदाहरण सापडतं. २०१० चा 'रेड डेड रिडेम्प्शन' १९११ सालात घडतो आणि २०१८ चा दुसरा भाग त्याच्या मागे, १८९९ मध्ये जातो. पहिला खेळलेल्याला काही माणसांचं पुढे काय होणार ते ठाऊक असतं, आणि त्या ठाऊक असण्यानेच दुसऱ्यातला साधा संवादही काळजाला लागतो. पण शाहिराने तो शेवट श्रोत्यांच्या भरवशावर धरलेला असतो, इथे तो गेमच्या लेखकाने धरलेला आहे. ज्ञात शेवट हा त्यांच्या मांडणीचाच भाग. मित्राने मधेच येऊन ती मांडणी बदलली तर तो इस्कोट. आणि तो प्रयोग वाचकांवर होता. खेळणारा नुसता ऐकत नसतो, दार त्याला स्वतः उघडावं लागतं. २०१९ च्या 'आउटर वाइल्ड्स'मध्ये तर खेळाडू जसजसा पुढे जातो तसतशी त्याची ताकद किंवा हत्यारं वाढत नाहीत, वाढतं ते फक्त ज्ञान. (याहून जास्त सांगणार नाही.) असा खेळ म्हणजे हुमान, म्हणजे कोडं. हुमान घातल्यावर उत्तर आपण कधी मधेच ओरडत नाही, "हरलो म्हण, मग सांगतो" असं म्हणतो. अशा खेळात उत्तर सांगणं म्हणजे समोरच्याची कमाई काढून घेणं, आणि तिथे त्या लॅटिन शब्दातली लूट खरी होते.

गेम बनवणारेसुद्धा हे जपायला जातात. 'पर्सोना ५' एप्रिल २०१७ मध्ये जगभर आला तेव्हा अॅटलस कंपनीने कथेतल्या ७ जुलै या तारखेपुढचा भाग कुणी प्रसारित करू नये असं बजावलं होतं. कारवाईची भाषाही होती. खेळाडू चिडले, कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि ती तारीख पुढे, १९ नोव्हेंबरवर नेली. धमकी मला पटली नाही, पण कल्पना आवडली: कथेत एक खूण रोवायची आणि इथवर बोला म्हणायचं. आपल्याकडे त्यासाठी एक साधा प्रश्न आहेच, "कुठवर आलायस?" गेमवर बोलायला तोंड उघडण्याआधी हे विचारलं की बहुतेक इस्कोट टळतात. उत्तर आल्यावर मात्र चेहरा सांभाळा. "बरं, बरं... तू खेळ फक्त पुढं" असं डोळे मिचकावून म्हणणं, किंवा "फुडं लय भारी वळण हाय, नाद खुळा" असं सांगणं, हाही अर्धा इस्कोटच. वळण आहे हे कळलं की माणूस रस्ता बघायचा सोडून वळणच शोधत बसतो.

चारचौघांत एकालाच काही सांगायचं असेल तर लहानपणची 'च'ची भाषा आठवा. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च, म्हणजे कमलचं चमलक. ज्याला नको आहे त्याला कान फिरवायला तेवढा वेळ मिळतो.

राहिलं वापराचं. इस्कोट पुल्लिंगी: इस्कोट केला, इस्कोट झाला. स्पॉयलर हा शब्दही मराठीत पुल्लिंगी रुळलाय, तो टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. औपचारिक लेखात विस्कोट लिहिलात तरी चालेल, पण बोलताना इस्कोटच म्हणा, त्यात जो जीव आहे तो दुसऱ्यात नाही. स्पॉयलर अलर्टसाठी घाटातल्या पाट्यांची भाषा उसनी घेता येते. "पुढे वळण आहे" तसं "पुढे इस्कोट आहे", आणि कुठवरचा ते त्याच ओळीत. माझा भाचा आता असंच करतो. काल रात्री त्याचा निरोप आला, वरच्या ओळीत फक्त एवढंच: "पुढे इस्कोट आहे, चौथ्या प्रकरणापर्यंत." मी अजून तिसऱ्यात आहे. निरोप तसाच न उघडता ठेवलाय.