मुलीला घेऊन उल्मला निघालेल्या ताईंना

डिसेंबरात नाशिकला तुमचं दुसरं लग्न झालं, नवरा जर्मन, जर्मनीत उल्मला असतो, पहिल्या लग्नाची मुलगी नऊ वर्षांची आहे. फॅमिली व्हिसाच्या फाईलला काय काय जोडायचं, असा तुमचा प्रश्न, आणि शेवटी एक ओळ : "मुलगी रुळेल ना हो तिकडे?" ती ओळ नसती तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

फी किती, फोटो कसा, प्रती किती, हे दूतावासाच्या पानावर सगळं आहे. जर्मन भाषेची पहिल्या पातळीची ए-वन परीक्षासुद्धा होऊन जाते. मीही दुसऱ्या लग्नानंतर अशीच मुलीला घेऊन इकडे आले, तेव्हा छत्तिसाव्या वर्षी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दिली. शंभरात साठ लागतात, मनापासून अभ्यास केला की मिळतात. मला छळलं ते नावाने. माझा जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा, 1978 चा. त्यावर नावच नाही. नुसतं 'स्त्री' आणि वडिलांचं नाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव. पहिल्या लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं, गॅझेटमध्येही छापून आणलं, आणि घटस्फोटाचा हुकूम त्या नावावर. म्हणजे सरकारी कागदांवर आम्ही तीन वेगळ्या बाया. मुंबईच्या व्हिसाच्या खिडकीवरून माझी फाईल दोनदा परत आली. दुसऱ्या वेळी मी बाहेर फुटपाथवर उभी राहून रडले, कारण जे नाव सोडण्यासाठी मी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेच नाव माझंच आहे हे मला पुन्हा सिद्ध करायचं होतं.

म्हणून सगळ्यात आधी नावांचं बघा. जन्मनोंदीत नाव घालून घ्या, गॅझेटची मूळ प्रत शोधा, एकाच व्यक्तीची ही सगळी नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. आणि कुणी एजंट म्हणाला की अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मारून देतो, तर पैसे देऊ नका. माझे गेले. भारत 2005 मध्ये त्या शिक्क्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने भारतापुरता आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तो शिक्का इथे चालत नाही. त्याऐवजी कागद खरे आहेत का हे जर्मन दूतावासाने नेमलेले वकील तपासतात, आणि त्यात महिने जातात. माझ्या वेळी एक गृहस्थ थेट गावी गेले आणि शेजारच्या काकूंना विचारून आले की हिचं लग्न कधी झालं, कधी मोडलं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा, एवढंच.

मुलीचा ताबा फक्त तुमच्याकडे आहे असं हुकुमात स्पष्ट लिहिलंय का? माझ्या हुकुमात नव्हतं, म्हणून तिच्या वडिलांचं संमतीपत्र लागलं. मी स्वतः गेले त्यांच्याकडे. त्यांनी सही केली, भांडण नाही, काही नाही. पेन खाली ठेवताना एवढंच विचारलं, "शाळा चांगल्या असतात ना तिकडे?" मी हो म्हणाले.

आम्ही 2014 च्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्टजवळ आलो. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, तुमच्या मुलीएवढीच. सप्टेंबरात तिला चौथीत बसवलं. स्टुटगार्ट आणि उल्म ज्यात येतात त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते : विद्यापीठाकडे नेणारी गिम्नाझियम, मधली रेआलशुले, आणि सगळ्यात खालची वेर्करेआलशुले. फेब्रुवारीत शाळा शिफारस देते, मुख्यतः जर्मन आणि गणित बघून. माझी मुलगी पुण्यात गणितात पहिली यायची. पण इथे शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्ये, आणि तिला ती भाषा शिकायला लागून पाच महिने झालेले. शिफारस आली सगळ्यात खालच्या शाळेची.

बाई अगदी प्रेमाने बोलत होत्या. मुलीवर ताण नको, म्हणाल्या. नवरा त्यांच्याशी भराभर बोलत होता, मान डोलावत होता; तो मनाने फार चांगला आहे, त्याला खरंच वाटलं की हे तिच्या भल्याचं आहे. मला अर्धंच कळत होतं. मी विचारलं नाही. सही केली. पुढे दोन वर्षांनी, माझी भाषा सुधारल्यावर, कळलं की त्या काळात ती शिफारस बंधनकारक नव्हतीच. शेवटचा शब्द पालकांचा होता. तिला तिसरीत बसवा, एक वर्ष मिळू द्या, असं तरी मी म्हणायला हवं होतं. पुण्यात मी मुख्याध्यापकांसमोर टेबलावर हात आपटून बोलणारी बाई होते. इथे चाळीस मिनिटं गप्प बसले.

ती पुढे गेली. दहावीनंतर व्यावसायिक गिम्नाझियम करून आबिटुर, म्हणजे विद्यापीठात जायला लागणारी शेवटची शालेय परीक्षा, पास झाली, आता शिकते आहे. सगळे म्हणतात, बघ, झालं ना नीट. पण मधली सहा वर्षं ती स्वतःला ढ समजत होती. बाराव्या वर्षी तिने मला विचारलं होतं, "आई, मी पुण्यात खरंच हुशार होते का, की तू उगाच सांगतेस?" हे मी विसरू शकत नाही.

एकटेपणाचं विचारलं नाहीत, बरं केलंत. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते. त्याला घाबरून थांबू नका.

मुलीचं मात्र मनावर घ्या. शक्य असेल तर तिला चौथीच्या आधीच्या वर्गात बसवायला सांगा, आणि शाळेतल्या प्रत्येक भेटीला दुभाषी मागा. नवऱ्याला दुभाषी करू नका. तो त्यांच्याशी बोलत बसतो आणि तुम्ही बाजूला राहता. आता नियमही बदललेत. 2025 पासून बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये शिक्षकांची शिफारस, चौथीतली चाचणी आणि पालकांची इच्छा, या तिन्हींत दोन गोष्टी गिम्नाझियमच्या बाजूने लागतात, नाहीतर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. आणि उल्मला लागूनच नदीपलीकडे नॉय-उल्म आहे. मध्ये फक्त डॅन्यूब, पण पलीकडे बायर्न राज्य, तिथले शाळेचे नियम वेगळे, गुणांची अट आणखी कडक. लोक दोन्हीला उल्मच म्हणतात. नवऱ्याचं घर नदीच्या कुठल्या बाजूला आहे, ते आज फोन कराल तेव्हा विचारून घ्या.

मुलीच्या वडिलांना हे सगळं मी अजून सांगितलेलं नाही.