मॅनेजर मुद्दाम छळतात, पगारवाढ अडवतात. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का?

तुम्ही विचारलंय की नवे मॅनेजर सगळ्यांसमोर घालूनपाडून बोलतात, दुसऱ्यांच्या चुका तुमच्या नावावर टाकतात, यंदाचं इन्क्रिमेंटही अडवलंय, तर राजीनामा देऊन मोकळं व्हावं का.

नाही. रागाच्या भरात तर नाहीच, आणि एचआरच्या केबिनमध्ये कुणी टाइप केलेला कागद पुढं सरकवून 'सही करा' म्हणतंय म्हणून तर मुळीच नाही. 'राजीनामा टाक आणि मोकळा हो' हे मी माझ्या दाजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना.

मी सांगलीवाडीचा. कुपवाड एमआयडीसीत पंपाच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला, म्हणजे माल तपासायला होतो. कंपनीचं नाव घेणार नाही, माझ्या बरोबरीची माणसं अजून तिथं कामाला आहेत. 2018 मध्ये आमचे जुने प्रॉडक्शन मॅनेजर निवृत्त झाले आणि बाहेरून नवे आले. त्यांना महिनाअखेरीचा डिस्पॅचचा आकडा तेवढा दिसायचा. इन्स्पेक्शननं अडवलेला माल म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही मुद्दाम घातलेला खोडा.

वाजलं ते पंप केसिंगच्या एका लॉटवरून. बोअरिंग झाल्यावर आतल्या अंगाला ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेली भोकं, उघडे पडले होते. काही तर टाचणीच्या टोकाएवढेच, पण हायड्रो टेस्टला प्रेशर चढवलं की बाहेरच्या बाजूनं पाणी पाझरायला लागायचं. मी प्रत्येक भोकाभोवती खडूनं गोल केला, सुतळीनं लाल टॅग बांधले आणि ट्रॉली होल्डवर टाकली. संध्याकाळी साहेब आले. म्हणाले, "लांबी (पुट्टी) भर, ग्राइंडर मार, रंग देऊन सोड. पुढचं मी बघतो." मी डेव्हिएशनचा फॉर्म पुढं केला. ड्रॉइंगमध्ये न बसणारा माल सोडायचा तर सोडणाऱ्याची सही त्यावर लागते. साहेबांनी फॉर्मला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर ट्रॉली रिकामी, आणि कापलेले लाल टॅग स्क्रॅपच्या बिनमध्ये.

मी तिथल्या तिथं इन्स्पेक्शन रिपोर्टवर 'रिजेक्ट, हायड्रो टेस्टला गळती, माझ्या मंजुरीशिवाय पाठवला' असं लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि क्वालिटी हेडना मेल केला. पुढं गिऱ्हाइकानं तो लॉट परत पाठवला, तेव्हा भर मीटिंगमध्ये साहेब माझ्याकडं बोट करून म्हणाले, "इन्स्पेक्शन झोपा काढतंय." मी त्या मेलची प्रिंट टेबलावर ठेवली. कुणी चकार शब्द काढला नाही. पण तेव्हापासून ते हात धुऊन माझ्या मागं लागले. कायमची नाइट शिफ्ट लावली. गेज आणि मायक्रोमीटर काढून घेतले आणि यार्डात कास्टिंग मोजायला उभं केलं. इन्क्रिमेंट सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं.

मग आला 2019 चा ऑगस्ट. सांगलीकरांना त्याबद्दल काही सांगायला नको, पण तुम्ही बाहेरचे असाल म्हणून लिहितो: आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. सांगलीवाडीला चहूबाजूंनी वेढा पडलेला, फोन बंद, लाइट नाही. आईला शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरून बोटीत उतरवलं. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल उपसून कामावर हजर झालो, तर टाइम ऑफिसच्या खिडकीतूनच हातात कागद आला: 'विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा 48 तासांत खुलासा करावा.' गावभागातल्या, कर्नाळ रोडच्या पोरांची घरंही पाण्यात होती. त्यांच्या शिल्लक रजा मांडून दिल्या. नोटीस एकट्या मला. छळ कशाला म्हणायचं हे कुणाला समजावायचं असेल तर मी एवढंच सांगतो. कामाचा बोजा कमीजास्त होतो, साहेब तोंडाचा फटकळ असतो, ते सगळं सोसता येतं. सगळ्यांना एक न्याय आणि एकालाच वेगळा, तेही पुरातून उठून आलेल्या माणसाला, हे सोसायचं नसतं.

खुलासा दिला, सोबत तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत जोडली. दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकीवरून हललो नाही. मग केबिनमध्ये बोलावलं. राजीनामा टाइप करून तयार होता, तारखेची जागा तेवढी कोरी. "सही कर, अनुभवाचा दाखला चांगला देतो. नाहीतर एमआयडीसीत कुठं उभं राहू देणार नाही." मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमननं अडवलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "आत सोडायचं नाही म्हणून सांगितलंय वो." पत्र मागितलं, तर पत्र नाही.

ही जुनी चाल आहे. कागद न देता गेट बंद करायचं. माणूस आठ-पंधरा दिवस घरात बसतो, आणि मग कंपनी लिहून टाकते की कामगार स्वतःहूनच यायचा बंद झाला. म्हणून मी गेटवरून घरी न जाता थेट पोस्टात गेलो आणि रजिस्टर एडीनं (पोचपावतीसह) पत्र टाकलं: 'आज अमुक वाजता कामावर हजर होण्यास आलो असता मला गेटवर अडवण्यात आले, मी कामावर येण्यास तयार आहे.' तेच मेलवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर उभा, पुन्हा पत्र.

त्या रात्री दाजी घरी आले. साखर कारखान्याच्या ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस, मनानं चांगला. पण बसल्या बसल्या सुरू झाले: "पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतंय. सही करून द्यायची, दुसरीकडं बघायचं. कोर्टकचेरी आपल्यासारख्यांचं काम न्हवं." दाजी कुंडलचे. 1943 ते 46 या काळात साताऱ्याच्या प्रतिसरकारनं इंग्रजांना सळो की पळो केलं आणि आमचं कुंडल त्याचं ठाणं होतं, हे दरवर्षी पंधरा ऑगस्टला ते आम्हाला ऐकवतात. तेव्हा सांगली वेगळा जिल्हाही नव्हता. त्या माणसांचा अभिमान मलाही आहे. पण मग ज्यांनी मामलेदार-फौजदाराला भीक घातली नाही त्यांच्या गावच्या माणसानं एका प्रॉडक्शन मॅनेजरपुढं मान घालायला का सांगावी? हे मी त्यांना तोंडावर विचारलं. ते उठून गेले आणि बरेच दिवस बोलले नाहीत.

मी सांगलीत सहाय्यक कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, 1947 चालू होता. त्याच्या 2-अ कलमाखाली कामावरून काढलेल्या एकट्या माणसालाही विवाद नेता येतो, युनियन लागत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि नुसतं 'आमच्याकडं युनियन नाही' म्हणून लोक गप्प बसतात. कंपनीचे वकील म्हणाले, हा सुपरवायझर आहे, पगार दहा हजारांच्या वर आहे, त्यामुळं हा कामगारच नव्हे. मी म्हटलं, माझ्या हाताखाली एक माणूस दाखवा. मी कुणाची रजा मंजूर करत होतो ते दाखवा. मी दिवसभर हातात गेज धरून माल तपासतो, रिपोर्टवर अक्षर माझं आहे. कायदा पत्रावरचं पद बघत नाही, मुख्यतः काम काय करता ते बघतो. मग त्यांनी दुसरं काढलं, की हा स्वतःच यायचा बंद झाला. तेव्हा मी पोचपावत्या मांडल्या. त्यानंतर कंपनीची भाषा बदलली. समेट झाला: नोकरीत खंड नाही, गेटबाहेरच्या दिवसांचा पगार, पुराचे दिवस शिल्लक रजेत, नोटीस मागे. अडवलेलं इन्क्रिमेंट मात्र मिळालं नाही, ते तसंच राहिलं.

ते साहेब तिथंच राहिले. मी 2021 मध्ये नोकरी सोडली, दुसरं पत्र हातात आल्यावर, नोटीस पिरियड भरून. दाजी अजून म्हणतात, "शेवटी सोडलीसच की!" सोडली. पण तेव्हा ती सही केली असती तर 'स्वखुशीने राजीनामा' एवढी एक ओळ माझ्या सगळ्या तक्रारींवर पाणी फिरवून गेली असती. काढून टाकणं सिद्ध करायची लढाईच उरली नसती, आणि कामगारकपात केल्यावर दर वर्षामागं पंधरा दिवसांच्या पगाराची जी भरपाई कायद्यानं ठरलेली आहे, तिचं नावही काढता आलं नसतं. ग्रॅच्युइटी पाच वर्षं भरली की राजीनाम्यानंतरही मिळते, ती मी घेतली. तीस दिवसांत द्यायची असते, उशीर केला की व्याज. भांडण करूनही माणूस ताठ मानेनं बाहेर पडू शकतो, एवढंच मला दाजींना दाखवायचं होतं, आणि ते मी दाखवलं.

तुम्ही काय करायचं? तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी मेल करा: 'आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम करत आहे, चुकीचं असल्यास कळवावे.' इन्क्रिमेंट का नाही, हे लेखी विचारा. उत्तर येणार नाही, पण प्रश्न नोंदला जाईल. नेमणूक पत्र, पगारपावत्या, पीएफचं पासबुक घरी ठेवा, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही. एचआरवर भिस्त ठेवू नका. ती माणसं वाईट नसतात, पण त्यांचा पगार कंपनी देते आणि वेळ आली की ती कंपनीकडूनच उभी राहतात. 'वरिष्ठांशी मोकळेपणानं बोला' हा सल्ला देणाऱ्यांनी असा साहेब पाहिलेलाच नसतो. सगळ्यांसमोर पाणउतारा करतात, त्यावर मात्र चटकन चालणारा उपाय मला दिसत नाही. तारीख, शब्द आणि कोण हजर होतं हे वहीत लिहीत जा, पुढं कामाला येतं.

काही गोष्टी राहिल्या. माझं प्रकरण जुन्या कायद्यातलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, त्यामुळं कलमांचे आकडे बदललेत, सुपरवायझरसाठी दहा हजारांची मर्यादा अठरा हजार झालीय, आणि काढून टाकल्यानंतर दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आलीय. हिशेबाचे पैसे नोकरी सुटल्यावर, राजीनामा दिला असला तरी, दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहेत. रजिस्टर पोस्टही आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, पोहोच मागून घ्या. तुम्ही स्त्री असाल आणि त्रासात अंगचटीला येणं किंवा अश्लील बोलणं असेल, तर तो वेगळा मामला आहे: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, कंपनीतली अंतर्गत समिती, तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार. आणि तब्येत ढासळत असेल, झोप उडाली असेल, तर दुसरी नोकरी बघून सोडा. त्यात मी कमीपणा मानत नाही. फक्त तारीख तुमची असू द्या, मॅनेजरची नको.

तुम्ही पद लिहिलेलं नाही. नेमणूक पत्रावर काय आहे, प्रत्यक्ष रोज काय काम करता आणि तुमच्या सहीनं कुणाची रजा मंजूर होते का, एवढं कळवा. कामगार आयुक्तांचा रस्ता तुम्हाला आहे की थेट दिवाणी वकील गाठायचा, ते त्यावर ठरेल.