खानापुरात उत्क्रांतीवर बोलणार असशील तर

सुरुवात डार्विनच्या चरित्रानं करू नकोस. ‘मग माकडं अजून कशी आहेत?’ हा प्रश्न येणारच. आजच्या माकडांपासून आपण झालो नाही, दोघांचे पूर्वज एक होते, एवढं सांग नि पुढं सरक. तिथं रेंगाळलास की सभा हातची गेली.

खरा वेळ टिकटालिकला दे, म्हणजे मासा नि चारपायी प्राणी यांच्या मधल्या जीवाच्या जीवाश्माला. माशांपासून चारपायी प्राणी झाले असतील तर मधला जीव साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळायला हवा, असा अंदाज आधी बांधला गेला. त्या वयाचे खडक कॅनडातल्या एल्समेअर बेटावर धुंडाळले, आणि २००४ मध्ये तो मिळाला. खवले माशाचे, पण मान मोकळी, पोहायच्या परांमध्ये मनगटासारखी हाडं! आधी सांगून मग सापडणं, हे लोकांना पटतं.

‘कुणी डोळ्यांनी पाहिलंय?’ विचारणारा दरवेळी भांडायलाच येतो असं नाही. त्याला खानापूरजवळच्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमधल्या वटवाघळाचा पंख समजाव: दंडात एक हाड, पुढं दोन (त्यातलं एक झिजलेलं), मग लांब बोटं. आपल्या हातासारखंच, म्हणजे दोघांचा पूर्वज एकच. फळ्यावर चित्र काढ, कानडी मंडळींनाही कळेल.

देवाधर्माच्या वादात शिरू नकोस. आणि आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचा आहे, तो जीवाश्म म्हणून मिरवू नकोस.